मध्यंतरापर्यंतचे मत

शुक्रवारी दुपारच्या खेळाला इमारतीतले दुसरे कोणी गेले नाही तरी चालत असे. नापासकाका गेले की पुरे. ते सिनेमा पाहून येत आणि इमारतीच्या ग्रुपवर आपल्या आवाजात मत टाकत. सुरुवात ठरलेली असे.

“सांगतो आपलं. दोन भावांचा तो सिनेमा पाहिला. मोठा रागावला की गाणं, धाकटा रागावला की गाणं. मला राग आला तेव्हा मात्र कुणी वाजवलं नाही. जाऊ नका.”

“सांगतो आपलं. भुताचा आहे. सगळीकडे इतका अंधार, की विजेचं बिल वाचवायलाच काढलाय असं वाटतं. नातवंडांना न्या, छान झोप लागेल.”

“सांगतो आपलं. पोलिसांचा आहे. गाड्या झकास उडवल्यात. खाली आपटल्यावर एकीचंही चाक निखळत नाही. ते फिटिंग कुणी केलं तेवढं कळवा.”

लोक हसत आणि घरीच बसत. ही मते शेजारच्या इमारतीत जात, तिथून पुढे जात. चित्रपटगृहाच्या मॅनेजरनेही ओळखीतून त्या ग्रुपमध्ये शिरकाव करून घेतला होता. “काका, तुमचं मत ऐकल्याशिवाय मी पुढचे खेळ लावत नाही,” असे तो हसत हसत म्हणे. ती थट्टा आहे असे काकांना वाटत असे. ती थट्टा नव्हती.

नापासकाका हे नाव त्यांना इमारतीने दिले होते. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्यात सगळा माल कधीच तपासला जात नाही. पेटीतून मोजके नग काढायचे, त्यांचे माप गेजने तपासायचे. ते नापास ठरले तर पेटी परत. हीच पद्धत त्यांनी सिनेमाला लावली होती. मध्यंतराचे दिवे लागले की ते उठत, बाहेर येऊन पॉपकॉर्नच्या काउंटरजवळच्या खांबाला टेकून मत रेकॉर्ड करत आणि घरचा रस्ता धरत. त्या खुर्चीत त्यांची कंबर धरे हे खरे. पण त्यांनी स्वतःला दिलेले कारण कारखान्यातलेच होते. अर्धा माल पाहिला, म्हणजे नमुना म्हणून जरा जास्तच झाला. कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलेही नाही.

त्या शुक्रवारी लागलेला सिनेमा त्यांच्या भाचीचा होता. तिचा पहिलाच. चार वर्षे ती त्याच्यामागे धावत होती आणि शहरातल्या या एकाच चित्रपटगृहाने तो घेतला होता. सकाळीच तिच्या आईचा, म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला.

“दादा, आज तू जाणार ना?”

“जाणार तर.”

“बरं बोल रे. नाहीतर काहीच बोलू नकोस. गप्प बसायला काय पडतं तुला?”

“सगळ्यांना एकच माप.”

“तुझं माप घाल चुलीत,” बहीण म्हणाली आणि फोन ठेवला.

सिनेमा एका बापलेकाचा होता. दोघे एका घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. लेकाच्या खोलीचे दार बंद. बाप रोज ताट दाराबाहेर ठेवतो, रोज उचलतो. काकांनी सवयीने चुका शोधल्या. स्वयंपाकघरातला नळ एका दृश्यात गळत होता, पुढच्यात गळत नव्हता. दार बंदच राहिले. मध्यंतराचे दिवे लागले, ते कंबर सावरत उठले आणि खांबापाशी आले. घरचे माणूस म्हणून आपण सौम्य होऊ, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून ते नेहमीपेक्षा कडक झाले.

“सांगतो आपलं. भाचीचा सिनेमा आहे, तरी सवलत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बंद दार. ते काही उघडत नाही आणि आपण मात्र त्याच्यासमोर ताटकळत बसतो. नळ कधी गळतो, कधी नाही. फोनवर येईपर्यंत थांबा.”

मत पाठवून ते घरी पोचले. पायताण काढतात तोच फोन वाजला.

“मामा, कुठे आहात?” भाचीचा आवाज दबका होता. मागे कुठूनतरी लोकांचे हसू ऐकू आले.

“घरी. आत्ताच आलो.”

“लवकर पोचलात.”

काकांनी दुसरे पायताण काढले.

“मी थिएटरात आहे, मामा. दुपारपासून. शेवटच्या रांगेत बसले होते, तुमच्या बरोब्बर मागे. सिनेमा अजून चालू आहे.”

काका भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांची पत्नी आतून बाहेर आली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत तिथेच थांबली.

“दार उघडत नाही म्हणालात,” भाची म्हणाली. “मध्यंतरानंतर पहिल्याच दृश्यात उघडतं. सगळा सिनेमा त्याच्यापुढेच आहे. तुम्ही शेवटपर्यंत म्हणालात, मामा.”

“हे बघ—”

“मॅनेजर माझ्यासमोर बसलाय. तुमचं मत त्याने मला ऐकवलं, स्पीकर लावून. उद्यापासून संध्याकाळचा खेळ तो मोठ्या सिनेमाला देणार. त्यांचा माणूस फोनवर फोन करतोय. हा खेळ सुटला की त्यांना हो म्हणणार. आणि संध्याकाळचा गेला की सिनेमा उतरला असंच समजा.”

“मी काय करू म्हणतेस?”

“खोटं नका बोलू. फक्त परत या. बघा. मग खुशाल नापास करा. पण बघून करा.”

फोन बंद झाला. पत्नी अजून तिथेच उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

“दर शुक्रवारी इतक्या लवकर कसे येता, म्हणून मी विचारायचे,” ती म्हणाली, “तर म्हणायचात, हल्लीचे सिनेमे आखूड झालेत.”

“कंबर दुखते गं.”

“मग ‘कंबर दुखते’ असं ग्रुपवर टाकायचं होतंत. जा आता. उभे काय राहिलात?”

रिक्षा सिग्नलला थांबली. खिशातला फोन सारखा थरथरत होता. ग्रुपवर हसरे चेहरे येत होते, कोणी लिहीत होते, ‘वाचवलंत काका, तिकिटं काढणारच होतो.’ त्यांनी ते वाचले आणि फोन पालथा धरला.

दरवाजावरच्या माणसाने अर्धे फाडलेले तिकीट पाहून भुवया उंचावल्या. “आज विसरलात का काही?” त्याने विचारले आणि बॅटरी दाखवत आत सोडले. काका दर वेळी मध्यंतरातच जातात, हे याला ठाऊक होते तर.

काका कडेच्या खुर्चीत बसले. पडद्यावर बाप लेकाच्या खोलीत होता, स्टुलावर बसून बॅटरी धरत होता. लेक जमिनीवर आडवा पडून शिलाईयंत्राच्या पोटात काहीतरी दुरुस्त करत होता.

“इकडे धरा.”

“इकडेच धरलीय.”

“ते इकडे नाही, बाबा.”

लोक खळाळून हसले. इतके काय हसायचे, ते काकांना कळेना. मग लेकाने वर हात केला, बापाचा हात धरला आणि बॅटरी हवी तिथे नेली. हात मात्र सोडला नाही. हसू मधेच तुटले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाशी नेला. सगळे सभागृह श्वास धरून बसल्यासारखे झाले आणि काका त्या सगळ्यांत एकटे पडले. ते यंत्र कोणाचे, त्याला आज हात का लागला, त्या हाताला इतका वेळ का लागला, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. फक्त त्यांना नव्हते.

कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावत. नमुना वरच्या थरातून घेऊ नका. वरचा थर माल भरणारा हवा तसा लावतो. हात खाली घाला, तळापर्यंत. ते आता त्यांना आठवले. त्यांनी आजवर एकाही सिनेमाच्या तळाला हात घातला नव्हता.

दिवे लागले. लोक उठायला वेळ लावत होते. काका सगळ्यांत आधी बाहेर पडले आणि मॅनेजरच्या खोलीपाशी गेले. दार उघडेच होते. मॅनेजर टेबलामागे बसला होता, त्याचा फोन कानाला होता. भाची खिडकीपाशी उभी होती. तिने मामांकडे पाहिले, पण ओळखीचे काही चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

“दोन मिनिटांत सांगतो, साहेब,” मॅनेजर फोनवर म्हणाला आणि तो हाताने झाकून धरला. “बोला काका. पास की नापास? तुम्ही बदललं तर मी बदलतो. भाची आहे, मला कळतं.”

भाचीची मूठ खिडकीच्या गजावर आवळली. पास हा एकच शब्द हवा होता. तो जिभेवर आलाही. बहिणीचा आवाज काकांच्या कानात होता. शिवाय त्या बॅटरीच्या दृश्यात काहीतरी होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शब्द अगदीच खोटा ठरला नसता.

“सांगता येणार नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी सुरुवात पाहिली आणि शेवट पाहिला. मधलं पाहिलेलं नाही. शेवट पाहिला, पण तो कळला नाही. अशावर शिक्का मारत नाहीत. सकाळचा मारला तो चुकीचा होता. आता दुसरा मारला तर तोही चुकीचाच.”

“सकाळचा नाही, दुपारचा,” भाची पुटपुटली.

मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला. “मध्यंतराला उठलात होय?”

“दर वेळी उठतो.”

“दर वेळी? दोन भावांच्या वेळीसुद्धा?” त्याचा आवाज चढला. “तुमचं ऐकून मी तो सोमवारी उतरवला, काका! बाकी ठिकाणी अजून चालतोय तो! माझी बायको मला रोज ऐकवते!”

“हो,” काका म्हणाले. “तोसुद्धा.”

त्यांनी खिशातून फोन काढला. ‘सांगतो आपलं’ हे शब्द या वेळी त्यांच्या तोंडी आले नाहीत.

“दुपारी पाठवलेलं मत रद्द समजा. त्या सिनेमात दार उघडतं. मी शेवटपर्यंत बसलो नव्हतो, मध्यंतरातच उठलो होतो. आजवरच्या सगळ्या सिनेमांना तसाच उठलो. सिनेमा चांगला की वाईट, ते मला ठाऊक नाही. ज्यांना बघायचाय त्यांनी माझ्यासाठी थांबू नये.”

त्यांनी ते पाठवले. मॅनेजरच्या हाताखालून फोनमधला बारीक आवाज ‘हॅलो, हॅलो’ करत होता.

मॅनेजरने फोन कानाला लावला. “हो साहेब. संध्याकाळचा तुम्हाला. ठरलं.” फोन ठेवून तो भाचीकडे वळला. तिने मान खाली घातली नव्हती, पण तिचा रंग उतरला होता. “ताई, तो माझ्या हातात नाही आता. यांनी मतच दिलं नाही, मग कशाच्या जोरावर संध्याकाळ अडवून धरू? पण आतले लोक बसून राहिले, ते मीही कॅमेऱ्यावर पाहिलं. सकाळचा खेळ देतो. उद्यापासून, गुरुवारपर्यंत. माणसं आली तर पुढचं बोलू.”

“सकाळी कोण येतं?” ती म्हणाली.

“ते तुम्ही बघा.”

तिने क्षणभर विचार केला. “चालेल,” ती म्हणाली आणि खोलीबाहेर पडली. काका तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले.

“उद्या सकाळी येतो,” ते म्हणाले. “पहिल्यापासून बसतो.”

“या.” ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “पण माझ्या पुढे बसू नका, मामा. आज मी सिनेमा पाहिलाच नाही. तुमची रिकामी खुर्ची बघत बसले.”

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिकीटखिडकीशी लवकर पोचले. त्यांच्या आधी एक बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी आणि डोळे भिंतीवरच्या जाहिरातीवर. आत जावे की नाही, हे तिचे ठरत नसावे. तिने मागे वळून पाहिले आणि त्यांना न ओळखता, नुसते वय पाहून विचारले, “काका, कसा आहे हो हा?”

“मी अजून पाहिलेला नाही,” काका म्हणाले आणि खिडकी उघडण्याची वाट पाहू लागले.