वाय-सतरा

तुळसाबाईंनी शाईचं पॅड डॉक्टर प्रेरणाकडे परत सरकवलं.

"अंगठा नाही. वाचून राह्यली मी."

प्रेरणा शहरातल्या एका संशोधन संस्थेतून सकाळीच आर्णीला पोचली होती. तिला तुळसाबाईंचं थोडं रक्त हवं होतं, आणि त्याआधी संमतीपत्रावर खूण. सोबत आलेली गावची आशा कार्यकर्ती मोनाली गालात हसली. तुळसाबाईंना अक्षरं तिनेच बुद्धविहारात शिकवली होती. ही बाई बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत सोडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

चार पानं होती. तुळसाबाईंचं बोट एकेका शब्दाखालून चाललं होतं. प्रेरणाने दोनदा घड्याळ पाहिलं. पाहू दे, रक्त तिचं थोडंच जाणार होतं!

तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"'आईच्या पेशींची तुलना नमुना वाय-सतराशी केली जाईल.' हा वाय-सतरा कोन होय?"

प्रेरणाने हातातली फाईल मिटली.

"तुमचा मुलगा. अश्वजित."

अश्वजित सिकलसेलने, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराने, गेला त्याला आठ वर्षं झाली होती. सोळा वर्षांचा होता. इस्पितळात कोणीतरी म्हणालं, रक्त तपासायचंय, आणि तुळसाबाईंनी अंगठा उठवला. कशावर, ते त्यांना वाचता येत नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी त्या मोनालीसमोर पाटी घेऊन बसल्या.

"त्याच्या रक्तातल्या पेशी आम्ही मागे नेल्या," प्रेरणा सांगू लागली. "म्हणजे बाळ पोटात असताना अगदी सुरुवातीला असतात, तशा केल्या. त्यांच्यापासून पुन्हा तांबड्या पेशी तयार करतो आणि त्यांच्यावर औषधं तपासतो. एरवी गोठवून ठेवतो. लागतील तशा वाढवतो."

"म्हंजे वाढून राह्यल्या अजून?"

"हो."

"मी दरसाली त्याच्या पुण्यतिथीले पुण्यानुमोदन करून राह्यली, अन् तुमी तिकडं त्याले वाढवून राह्यले! मले काहून नाही सांगतलं?"

"माहिती गुप्त ठेवावी लागते. नियम आहे."

"कोनापासून गुप्त? मायपासून?"

तुळसाबाईंनी संतापाने पान उलटलं आणि बोट पुन्हा चालू लागलं.

"'संमती केव्हाही मागे घेता येईल. तसे केल्यास पूर्वीचे व नवे सर्व नमुने नष्ट केले जातील.'"

ती ओळ त्यांनी दुसऱ्यांदा वाचली, मोठ्याने. प्रेरणाचा चेहरा उतरला. तिचं सात वर्षांचं काम त्या एका ओळीत अडकलं होतं.

"मी म्हनलं का नष्ट करा, त करसान?"

"करावं लागेल."

"त्या औषधायचा काही गुन आला का?"

"एका औषधाने पेशी वाकायच्या थांबल्या. पण त्या काचेच्या बशीतल्या. माणसाला द्यायला अजून बरीच वर्षं लागतील. खोटं नाही सांगत."

तुळसाबाईंनी पेन मागून घेतलं. 'वाय-सतरा'वर आडवी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अश्वजित'. समासात आणखी एक ओळ घातली: 'जे कळन ते पयले मले सांगायचं.' मग सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

"ताई, असा कागद आमची समिती परत पाठवेल," प्रेरणा म्हणाली.

"त समितीले इथं घेऊन या. मी घरीच हाये."

मोनालीने घाईघाईने दुसरं कोरं संमतीपत्र पुढे केलं. प्रेरणा त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिने खाडाखोड केलेलंच फाईलमध्ये ठेवलं. समितीचा होकार येईपर्यंत रक्त घेता येणार नव्हतं; नळी रिकामीच पेटीत गेली.

ती उंबऱ्यापाशी चप्पल घालत होती, तेव्हा मागून तुळसाबाईंनी विचारलं,

"शेवटचं कवा पाह्यलं त्याले?"

प्रेरणाला कळायला थोडा वेळ लागला.

"गुरुवारी. सूक्ष्मदर्शकाखाली."

तुळसाबाई दारापर्यंत आल्या.

"येत्या इतवारी पुण्यानुमोदन हाये त्याचं. ज्यायनं त्याले पाह्यलं, ते उठून दोन शब्द बोलतात. तुमी या. गुरुवारी कसा होता, ते सांगजा."