पांढरा ठिपका

डॉक्टर पद्मजांनी मांजरीच्या कानात कापूस फिरवून बाहेर काढला, तेव्हा त्यावर कॉफीच्या चोथ्यासारखा काळा लगदा आला. विजयसिंहनं रुमाल नाकावर दाबला.

निशिगंधा मांजरीला टेबलावर धरून उभी होती. करड्या रंगाची, हडकुळी मांजरी. रस्त्यावरची जखमी जनावरं सांभाळणाऱ्या अदितीनं ती परवा मंगळवार पेठेतल्या एका बोळातून उचलली होती आणि आज सकाळी निशिगंधाच्या हवाली केली होती. घरी नेण्याआधी नीट तपासून घ्या, मागचा पाय का ओढते ते बघा, असं तिनं बजावलं होतं. तिचा नवरा विजयसिंह मांजर ठेवायला कबूल झाला होता तो दुकानामागच्या खोलीत उंदीर झाले होते म्हणून.

कानात बारीक किडे आहेत, थेंबांनी जातील, असं सांगत डॉक्टरांनी शेपटी उचलली. खाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे चिकटले होते. त्यातला एक हलला. हे जंतांचे तुकडे, पिसू गिळली की होतात, त्या म्हणाल्या. मग केसांतली काळी भुकटी त्यांनी ओल्या कापसावर झटकली. कापूस हळूहळू तांबडा झाला. ती पिसवांची घाण होती. मांजरीचंच रक्त पिऊन टाकलेली.

निशिगंधाच्याही घशाशी आलं. तिनं तोंड फिरवलं, पण हात काढला नाही.

"असलं घाण जनावर घरात न्यायचं व्हय?" विजयसिंह रुमालातून म्हणाला. "दुसरं बघूया की एखादं."

डॉक्टर त्याला शांतपणे समजावत राहिल्या. यातलं काहीच कायमचं नाही, महिनाभरात अंग धरेल. मांजरांमधल्या दोन वाईट आजारांसाठी त्यांनी रक्त तपासलं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. लस थोडी तब्येत सुधारल्यावर. राहिला तो पाय.

पायाचा एक्स-रे पडद्यावर आला. त्याला वास नव्हता, म्हणून विजयसिंह पहिल्यांदाच पुढं झाला. काडीसारखी हाडं, आणि गुडघ्याला लागून एक लख्ख पांढरा ठिपका.

"छर्रा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एअरगनचा. वरची जखम कधीच भरून आलीय. पण शिसं सांध्याजवळ ठेवून चालणार नाही, काढावं लागेल."

निशिगंधा त्या ठिपक्याकडं बघत राहिली. विजयसिंहनं कबुतरांसाठी एअरगन घेतली होती. टाकीवर घाण करतात म्हणून. कबुतरं यायची थांबली, तरी रविवारी सकाळी तो गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा. मागच्या बोळातून कधीतरी काही कळवळल्याचं ऐकू यायचं. ती खालूनच विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, नुसतं भ्या घालतोय, लागत न्हाय. आणि ती पुन्हा चपात्या लाटायला लागायची.

"आपल्याच हातनं असंल असं न्हाय," विजयसिंह म्हणाला. "पेठंत लई जणांकडं असत्यात."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पडदा बंद केला.

निशिगंधानं ऑपरेशन कधी करायचं ते विचारलं. गुरुवार ठरला. डॉक्टरांनी जंतांची गोळी मांजरीच्या घशात घातली. कडू लागून तिच्या तोंडाला फेस आला आणि त्याची तार निशिगंधाच्या मनगटावर ओघळली. तिनं ती ओढणीनं पुसली. मग मांजरीची हनुवटीही पुसली. मघाचं मळमळणं आता उरलं नव्हतं.

विजयसिंह कोपऱ्यातल्या नळाखाली हात धूत होता. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. कशालाच न शिवलेले ते हात बघताना तिला पुन्हा ढवळून आलं, आणि या वेळी तिला तोंड फिरवता आलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं रुमाल खिशात घातला आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे, मी धरतो. दमली असशील."

ते हात स्वच्छ होते. त्यांना साबणाचा वास येत होता. निशिगंधानं मांजरीचं डोकं ओढणीखाली घेतलं आणि एक पायरी वर सरकली.

"रिक्षा बघा तुम्ही," ती म्हणाली.