तबकातली चिठ्ठी

मिठाईच्या दुकानातली दुपारची गर्दी ओसरली तशी मित्सुएनं पैसे ठेवायचं तबक पुसायला घेतलं, तर त्यात घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. कुणाची तरी पावती म्हणून ती चुरगाळणार, तेवढ्यात आतली ठसठशीत जपानी अक्षरं दिसली. 'मला अक्रोड अजिबात चालत नाही. थोडा जरी पोटात गेला तरी श्वास कोंडतो.'

"चिनात्सू, ही कुणाची गं?"

सुनेनं चिठ्ठी वाचली. "त्या हिरव्या टोपीवाल्या परदेशी बाईंची असेल. पाचेक मिनिटं झाली जाऊन. त्यांनी दोन्ही हातांनी नोटा तबकात ठेवल्या, मी उचलल्या. खाली काही असेल असं वाटलंच नाही."

"नेलं काय त्यांनी?"

"सहा मोचींचा डबा. अक्रोडाच्या."

मोची म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ, गोड गोळे; अक्रोडाचं कूट त्या पिठातच मळलेलं असे. वरून बघून कुणाला कळणार नव्हतं.

"पण मी विचारलं होतं, आई. यात अक्रोड आहे, चालेल ना? तर म्हणाल्या, दाइजोबु."

"आणि पिशवी हवी का विचारलंस तेव्हा?"

"दाइजोबु."

"पावती?"

चिनात्सूचा चेहरा उतरला. "तेच. सगळ्यालाच तेच म्हणत होत्या."

त्या एका शब्दात 'चालेल'ही मावतं आणि 'नको'ही. बाईनं तो कुठल्यातरी पुस्तकातून पाठ केला असणार; चिनात्सूनं भरभर विचारलेलं तिला कळलंच नसणार. शिवाय चिठ्ठी दिली आहे, आता दुकानदार बघून घेतील, अशी तिची खात्री असणार.

"फोन हातात ठेव. मी कळवलं की लगेच ॲम्ब्युलन्स बोलव," म्हणत मित्सुए घरातल्या सपातांवरच बाहेर पडली.

कोपऱ्यावर चहाच्या दुकानाबाहेर हामागुची पाणी शिंपडत होता.

"हिरव्या टोपीची परदेशी बाई गेली का इकडून?"

"टोप्या काय, सकाळपासून पन्नास गेल्या. तुम्ही सपाता घालून शर्यतीला निघालात की काय?"

"चेष्टा नको. तिच्या जिवावर बेतलंय."

त्याचं हसू मावळलं. "पुलाकडं गेली. एकटीच होती."

चौसष्टाव्या वर्षी मित्सुए पळाली. माणसांना धक्के लागत होते आणि माफी मागायलाही ती थांबत नव्हती. पुलापलीकडच्या बाकावर हिरवी टोपी दिसली. मांडीवर डबा उघडा होता, बोटांत मोची होती.

हाक मारायला छातीत दम उरला नव्हता. मित्सुएनं दोन्ही हातांची फुली करून दाखवली. बाई ओशाळली. इथं बसून खायला मनाई आहे असं तिला वाटलं. घाईनं माफी मागत, हातातलं एकदाचं संपवावं म्हणून तिनं मोची तोंडाकडं नेली.

मित्सुएनं तिच्या हातावर फटका मारला. मोची धुळीत पडली.

बाई ताडकन उठली. ती काही बोलायच्या आत मित्सुएनं चिठ्ठी पुढं धरली, 'कुरुमी', म्हणजे अक्रोड, या शब्दावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट डब्याकडं वळवलं.

"कुरुमी?" बाईचा रंग उडाला.

डब्यात पाच होत्या, एक खाली, तीही अख्खी. पण ओठांना पिठी लागली होती. बाईनं ती रुमालानं खसाखसा पुसली, पिशवीतून अशा वेळी टोचायचं इंजेक्शनचं पेन काढलं आणि मुठीत धरून बसली. मित्सुए शेजारी बसली. अर्धा तास ती त्या बाईच्या गळ्याकडं बघत राहिली. बाई आवंढा गिळायची, तेव्हा मित्सुएही गिळायची.

काही झालं नाही.

चालता चालता खाणं इथं बरं दिसत नाही, असं वाचलं होतं, म्हणून बाक शोधत इथवर आले, असं बाईनं मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. मित्सुएनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "दाइजोबु विसरा. 'कुरुमी, दामे.' म्हणा."

दामे म्हणजे अजिबात नाही; त्यात दुसरा अर्थ मावत नाही. बाईनं हसून म्हटलं.

"हसू नका. हसत म्हटलंत तर कुणी मनावर घेणार नाही."

तिसऱ्या खेपेला जमलं.

मित्सुए परतली तेव्हा चिनात्सू फोन घेऊन दारातच उभी होती. "सापडल्या?"

"सापडल्या. बऱ्या आहेत. मी त्यांच्या हातावर मारलं."

"गिऱ्हाइकाला?"

"हो," मित्सुए म्हणाली. ती तिथंच पायरीवर बसली. चिनात्सूनं तिला पाणी आणून दिलं, आणि आत जाऊन अख्ख्या अक्रोडांची वाटी गिऱ्हाइकांसमोरच्या मोचीच्या ताटाशेजारी मांडली.