औषधांच्या दुकानापासून तळ्याकडे

मानाग्वाला दोन दिवस फिरायला जायचं ठरवायला आम्ही बायका आमच्या पडवीत जमलो होतो. पुरुष दोघेच. एक एल्विन, मिनीबस त्याची. दुसरे अबुंदिओकाका. वाट ते दाखवणार होते, कारण आमच्या डोंगरातून दर डिसेंबरात राजधानीला जाऊन येणारे तेच एक.

ते कशाला जातात हे गावाला माहीत होतं. त्यांचा भाऊ फर्मिन आणि माझ्या सासूबाईंची, निकोलासाबाईंची, धाकटी बहीण आंपारो, हे नवराबायको अशाच एका डिसेंबरात झालेल्या भूकंपात मानाग्वाला घरासकट गाडले गेले. प्रेतं निघालीच नाहीत. दर वर्षी सासूबाई मेण लावलेल्या कागदी फुलांचं चक्र करून काकांच्या हाती द्यायच्या आणि काका ते त्या जागेवर ठेवून यायचे. सासूबाई स्वतः कधी गेल्या नव्हत्या. गाडी लागते, म्हणायच्या. मला वाटतं, धीर होत नसावा.

"आधी ते चालते जिने," सोकोरो म्हणाली. "आपण नुसतं उभं राहायचं, जिनाच वर नेतो."

"तुला वर न्यायचं म्हणजे जिन्यालाही धाप लागेल," एल्विन म्हणाला.

"तू गाडी नीट चालव, मेल्या. मागच्या खेपेला तुझ्या गाडीत माझ्या कोंबड्या ओकल्या."

मग तळ्याचा काठ, टेकडीवरून दिसणारं शहर, पडकं कॅथेड्रल, नवं कॅथेड्रल असं एकेक ठरत गेलं. नव्याच्या घुमटांना अंड्यांचा ट्रे म्हणतात, यावर सगळ्या हसल्या. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई बोलल्या.

"मला जिने नकोत न् घुमट नकोत. मला आंपारोपाशी न्या. यंदा फुलं मी ठेवणार."

काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "बाई, तिथे बघण्यासारखं काही नाही. गवत आहे नुसतं."

"मग गवत बघीन."

"पत्ता सांगा ना काका," एल्विन म्हणाला, "म्हणजे मध्ये कुठेतरी बसवतो."

"एस्किवेलच्या औषधांच्या दुकानापासून एक गल्ली तळ्याकडे, मग वीस वार वर, उगवतीकडे."

"हे दुकान कुठे आलं?"

"पडलं ते. भूकंपात."

"पडलं तर पडलं हो. मानाग्वात सगळे पत्ते पडलेल्या गोष्टींवरूनच सांगतात. अमकं थिएटर होतं तिथून, तमकं झाड होतं तिथून. ती थिएटरं न् झाडं मला पाठ आहेत, पण हे दुकान कधी ऐकलं नाही. दुसरं काहीतरी सांगा."

"पडक्या कॅथेड्रलपासून..." काका म्हणाले, "चार गल्ल्या वर."

"हां, आता कसं!" एल्विन म्हणाला, आणि सासूबाई समाधानाने खुर्चीत मागे टेकल्या. पुढच्या चेष्टामस्करीत काका काही हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि मी वाटेत खायला मक्याच्या पिठात चीज घालून भाजायची गोल कडी वळत होतो. भट्टी तापली होती. काका दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"निकोलासाबाई, एल्विनला दिलेला पत्ता खोटा आहे."

"म्हणजे?"

"चार गल्ल्या वर काय आहे, मला ठाऊक नाही. मला ती जागा सापडलीच नाही. एकदाही नाही."

सासूबाईंचे हात पिठात थांबले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण स्वयंपाकघराला दार एकच, आणि त्यात काका उभे.

खाली बघतच ते बोलत राहिले. पहिल्या वर्षी तिथे तारेचं कुंपण आणि सैनिक होते. पुढे तार गेली, तर तिच्याबरोबर गल्ल्याही गेलेल्या. फर्मिनच्या घरी ते एकदाच गेले होते, लग्नाला. एका फळवालीला दुकान विचारलं, तर तिने शेजारणींना हाक मारली, या गं या, हा डोंगरातला बाबा बघा, मेलेल्यांसाठी औषध शोधतोय. सगळा बाजार हसला. त्यानंतर काकांनी कोणालाच विचारलं नाही. दर वर्षी गाडीच्या अड्ड्यावर उतरायचे, तिथेच बाकावर बसायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत यायचे.

"आणि माझी फुलं?"

"अड्ड्यावर मरियामातेची मूर्ती आहे. तिच्या खालच्या खिळ्याला."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मी तुला विचारलं होतं, तिथे शांत आहे का," सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालास, हो, पाखरं येतात."

काकांची नजर उंबऱ्याच्या वर येईना. कान, मान, सगळं लाल झालं होतं.

"म्हणजे माझ्या बहिणीपाशी इतक्या वर्षांत कोणीसुद्धा गेलं नाही. आणि मी इथे ती पाखरं मनात आणून झोपत होते."

"मी येत नाही, बाई. एल्विनला रस्ते ठाऊक आहेत. बायकांना सांगा, अबुंदिओ आजारी आहे."

"तुझ्यासाठी आता मी खोटं बोलू?"

काका जायला वळले, तशी सासूबाईंनी हात पुसले.

"थांब. तू येणार आहेस. पहिला दिवस त्यांचा, जिनेबिने काय ते बघू देत. दुसरा दिवस माझा. सगळ्या बायकांसमोर तू कोपऱ्याकोपऱ्यावर विचारायचंस. दुकानदाराला विचार, पोलिसाला विचार, म्हातारं माणूस दिसलं की त्याला विचार. मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

"लोक हसतील."

"हसतील. मलाही हसतील. आत्ता विचारून दाखव. मी मानाग्वाची फळवाली आहे असं समज."

"बाई, असं काय..."

"विचार."

काकांनी तोंड उघडलं. "एस्किवेलचं..." एवढंच बाहेर आलं.

"ऐकू नाही आलं. बाजारात गोंगाट असतो."

काकांनी एकदाची मान वर केली. "अहो बाई, एस्किवेलचं औषधांचं दुकान कुठे होतं, सांगाल का?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही मऊ झालेलं मला दिसलं नाही.

"मला नाही ठाऊक," त्या म्हणाल्या. "पुढच्या कोपऱ्यावर विचारा."

काका उंबरा ओलांडून आत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि तोच प्रश्न त्यांनी मला विचारला.