नऊ भोकं आणि दहावा छर्रा

मी बोलतेय ती आडवी पडून, नळी मोडून. मोडून म्हणजे तुटून नव्हे. माझी नळी मधल्या सांध्यात खाली वाकते आणि मी उघडते. अशी उघडी असले की माझ्यापासून कुणाला काही भीती नाही, म्हणून आज चार शब्द बोलता येतील. मिटलेली असते तर मीच म्हटलं असतं, जरा बाजूला सरून बसा.

मी छर्ऱ्याची बंदूक. माझ्यात दारू नाही, धूर नाही. पोटात एक जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढे दट्ट्या. नळी खाली दाबली की स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की सुटते, दट्ट्या हवेला ढकलतो आणि हवा छर्ऱ्याला. ऐकायला खेळण्यासारखं वाटतं. मी खेळणं नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझा दस्ता ज्यानं घासला, त्यानं शेवटी त्यावरून गाल फिरवून पाहिला होता. हात खोटं बोलतो, गाल बोलत नाही, असं तो शेजारच्याला म्हणाला. तिथून मी एका दुकानाच्या काचेआड गेले आणि तिथून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी. त्याला सगळे घड्याळवाले म्हणायचे. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही मनात बाबाच म्हणते.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझा स्वभाव ओळखला. स्प्रिंगच्या बंदुका हट्टी असतात. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत आम्ही आधी मागे, मग पुढे असा हिसका देतो. आवळून धरलं तर भलतीकडे मारतो, तळहातावर नुसतं टेकू दिलं तर शहाण्यासारखं वागतो. शिवाय प्रत्येकीचा छर्रा वेगळा. एकीला जो मानवतो तो दुसरीला मानवत नाही, आणि का ते आमचं आम्हालाही सांगता येत नाही. बाबांनी सात डब्या आणल्या, प्रत्येकीतले दहा-दहा कागदावर मारले आणि कुठल्या डबीची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतात ते वहीत लिहिलं. निळी डबी जिंकली. पुढची वीस वर्षं माझ्या नळीनं दुसरं काही चाखलं नाही.

बाबांचा एक नियम होता. बंदूक खाली ठेवायची ती उघडीच. पाणी प्यायला उठा, शिंक येवो, आधी नळी मोडा. मुलगी बारा वर्षांची झाल्यावर तिला नेम शिकवायच्या आधी त्यांनी हा नियम शिकवला. तिनं विचारलं, "का?" ते म्हणाले, "मी सांगतो म्हणून." एरवी घड्याळातलं प्रत्येक चाक का फिरतं ते सांगणारा माणूस. त्यांच्या दुकानाच्या दाराच्या चौकटीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, मेणानं बुजवलेलं एक भोक होतं. त्याबद्दलही ते काही सांगत नसत.

मुलगी चांगली नेमबाज झाली. मग तिचं लग्न झालं, तिच्याबरोबर मीही सासरी आले, मूल झालं, आणि मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर गेले. पाच वर्षं. तक्रार नाही. पण अंधारात पडलं की माणूस काय, बंदूक काय, आपल्याला अजून जमेल का याच एका प्रश्नाशी खेळत बसते.

तोच प्रश्न तिलाही पडला असावा. या वर्षी क्लबातल्या बायकांच्या स्पर्धेत तिनं नाव दिलं आणि मला खाली काढलं. निळी डबी तळाला गेलेली, ती बनवणारे कधीच बंद पडलेले. म्हणजे नव्यानं चव शोधणं आलं. तिनं पाच वेगवेगळ्या डब्या आणल्या.

तुम्हाला तिची ओळख करून द्यायला हवी. ही बाई दाराला कुलूप लावून गल्लीच्या टोकाला जाते आणि परत येऊन कुलूप ओढून पाहते. लेकीला ताप नसला तरी कपाळाला हात लावते, आणि हात थंड लागला की हात थंड का लागला याची काळजी करते. छर्रे शिशाचे असतात म्हणून तिनं मला हाताळायला वेगळा शर्ट ठेवला, येताजाता हात धुतले, आणि छर्रे मोजून घेण्यासाठी जुना बर्फाचा ट्रे काढला. एका खळग्यात एक छर्रा, दहा खळगे. मोजलेलं हरवत नाही, असा तिचा हिशेब.

तिचा नवरा सुतार. त्याची लांबट शेड घराला लागूनच आहे. डब्या मारून पाहायच्या त्या दुपारी तो एका घरी कपाट बसवायला गेला होता. शेडच्या एका टोकाला बुटकं टेबल, त्यावर जुन्या पँटच्या पायात वाळू भरून केलेली उशी, उशीवर मी. समोर दहा मीटरवर, खिडकीखाली, जुन्या सतरंज्या ठासून भरलेला खोका आणि त्यावर कागद. घरात तिची अडीच वर्षांची ठकी झोपली होती. ठकी म्हणजे जागेपणी दोन्ही हात पसरून सतत विमान होणारी.

"ती उठायच्या आत संपव तुझं ठोठो," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मी पडते जरा. हाक मारलीस तर ऐकू येईल, नाही मारलीस तर उपकार होतील."

"एकच तास, आई."

"तुझा तास मला माहीत आहे."

पहिली डबी टोकदार छर्ऱ्यांची. शाळा सुटल्यासारखे पळाले, एक इकडे, एक तिकडे. "माझाच हात हलला असेल," ती पुटपुटली. नव्हता हलला. दुसरी डबी जड छर्ऱ्यांची. ते एकमेकांना धरून गेले, पण खाली, आणि शेवटचे दोन वाट चुकले. "मीच चाप झटकला." नव्हता झटकला. तिसरी डबी चपट्या डोक्याच्या छर्ऱ्यांची, बरी होती. प्रत्येक वेळी डबी बदलली की ती आधी पाच छर्रे खोक्याच्या कोपऱ्यात मारायची, नळीला नव्याची सवय होईपर्यंत, आणि मग ट्रेमधले दहा. पद्धत अगदी बाबांची. विश्वास तेवढा त्यांचा नव्हता.

चौथी डबी गोल डोक्याच्या छर्ऱ्यांची.

पहिला छर्रा आत बसला तेव्हाच मला कळलं. ना घट्ट, ना सैल. दुसरा पहिल्याच्या भोकात गेला. तिसरा त्याच्या कडेला. पाचव्यापर्यंत कागदावर एकच भोक, कातरलेल्या कडांचं, शर्टाच्या बटणाहून लहान. तिनं श्वास रोखला. सातवा. आठवा. नववा. मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला.

तिनं नळी दाबली, दहावा आत बसवला, नळी मिटली. गाल दस्त्यावर टेकला. माझ्या पोटात स्प्रिंग आवळलेली. समोर नळीच्या टोकावरची नेमाची माशी स्थिर.

आणि घरात काहीतरी धप्पकन पडलं. मागून ठकीचा टाहो.

ती उठली. मला वाळूच्या उशीवर तशीच सोडलं आणि धावली.

मिटलेली. भरलेली. ताणलेली.

माझ्यासारखीला ओरडता येत नाही. माझा आवाज एकच, आणि तोच तेव्हा नको होता.

सात-आठ मिनिटांनी ती परतली. ठकी कडेवर, कपाळावर टेंगूळ, हातात बिस्कीट. मागून सासूबाई. "पलंगावरून विमान उडवलं तुझ्या लेकीनं. उतरवता आलं नाही."

ठकीला तिनं टेबलाजवळ खाली सोडलं. मग ट्रेकडे पाहिलं. दहाही खळगे रिकामे.

"मी नऊच मारले होते ना?" ती स्वतःशीच म्हणाली. "का दहा?"

ठकी काहीतरी चावत होती. तिच्या आईनं झडप घालून तिचं तोंड उघडलं. बिस्किटाचा लगदा. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ठकी चिडून ओरडली.

"आई, एक छर्रा कमी आहे. हिनं गिळला असेल तर? शिसं असतं हो ते!"

"आत्ता तर आणलीस तिला. कधी गिळेल?"

"मी ट्रेकडे बघेपर्यंत. एक क्षण पुरतो."

ती खोक्याकडे धावली. कागदावरची भोकं मोजली की उत्तर मिळणार होतं. खिडकीच्या उजेडात कागदाला नाक लावून ती पेन्सिलीच्या टोकानं कडा मोजू लागली. सहा, सात, इथं एक, ही आठवी की सातवीचीच बाजू? वाईट छर्रे असते तर दहा भोकं लांबूनही मोजता आली असती. हे इतके चांगले गेले होते की त्यांचं एकच भोक झालं होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत देखणं काम, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

सासूबाई टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि लाकडाच्या भुशात शोधू लागल्या. टेबलापासून खोक्याच्या दिशेनं, सरकत सरकत. "मिऱ्याएवढा दाणा, आणि माझे हे डोळे! सापडला तर मलाच बक्षीस दे त्या स्पर्धेचं."

तिनं बाबांना फोन लावला. खोक्यापाशीच उभी राहून, पाठ माझ्याकडे. "बाबा, छर्रा पोटात गेला तर काय करायचं? दवाखान्यात नेतेच आहे, पण..."

आणि ठकी आईच्या स्टुलावर चढली.

मला रिकामी धरून नेम लावताना तिनं आईला आधी बघितलं होतं. गाल दस्त्यावर टेकवला. चिकट हात आधी उशीवर फिरला, मग माझ्यावर, मग चापाभोवतीच्या कडीत शिरला. एक डोळा मिटायला गेली तर दोन्ही मिटले. माझ्या तोंडासमोर, सरळ रेषेत, आधी सासूबाईंची वाकलेली पाठ, मग तिच्या आईची उभी. बाबांनी माझा चाप घड्याळाच्या कौशल्यानं हलका केला होता. मोठ्या माणसाला तो बरा. अडीच वर्षांच्या बोटालाही तो बराच होता.

बोट चापाला लागलं. मी माझं सगळं लोखंड एकवटून नाही म्हणत होते. लोखंडाला नाही म्हणता येत नाही.

फोनवर बाबांनी पोटाबद्दल एक शब्दही काढला नाही. शेडमध्ये आवाज घुमला, मलाही ऐकू आला. "बंदूक कुठंय?"

"टेबलावर आहे. बाबा, मी काय विचारतेय..."

"उघडी आहे?"

स्वतःच्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या बाईनं त्या दुपारी नेमकी हीच शंका घेतली नव्हती. ती वळली. इतक्या वर्षांत तिनं माझं तोंड समोरून कधी पाहिलंच नव्हतं. काळं, गोल, छोटंसं. आणि त्याच्यामागे लेकीचे घट्ट मिटलेले डोळे.

ती किंचाळेल असं मला वाटलं. किंचाळली असती तर ठकी दचकली असती आणि बोट आवळलं गेलं असतं.

"ठके," ती म्हणाली. रोजच्या आवाजात, जेवायला हाक मारावी तशी. "विमान कसं जातं गं?"

एक क्षण काहीच झालं नाही.

मग दोन्ही हात बाजूला पसरले. "भुर्रर्र!"

"आई, आहात तिथंच आडव्या व्हा."

सासूबाईंनी मान वळवून एकदा सुनेचा चेहरा पाहिला आणि भुशात सपाट झाल्या. का म्हणून विचारलं नाही. ती भिंतीला घासत आली, "अजून लांब जाऊ दे विमान, अजून लांब," म्हणत. एका हातानं तिनं मला खोक्याकडे दाबून धरलं, दुसऱ्यानं ठकीला कमरेतून उचललं. मग माझी नळी वाकवली. ताणलेली बंदूक सहज उघडते, काही जोर लागत नाही. आत गोल डोक्याचा दहावा छर्रा शांत बसला होता.

"सापडला," ती म्हणाली.

"मला उठायची परवानगी आहे का?" भुशातून आवाज आला.

ठकीला सासूबाईंकडे देऊन, दोघींना बाहेर पाठवून, तिनं तो छर्रा खोक्यात मारला. आधी कागद काढून घेतला होता. नेम धरला नाही.

संध्याकाळी बाबा आले. ती म्हणाली, "मी आई व्हायच्या लायकीची नाही." त्यांनी ते खोडून काढलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दुकानाच्या चौकटीतलं भोक आठवतं? तू तीन वर्षांची होतीस. दारात बसली होतीस. मी गिऱ्हाईकाला घड्याळ द्यायला उठलो, ही मिटलेली राहिली, धक्का लागला. तुझ्या कानापासून चार बोटं." मग म्हणाले, "नियम त्याच्या आधी नव्हता."

हे सत्तावीस वर्षं घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. ओझं वाटलं गेलं की हलकं होतं म्हणतात. मला ते त्या दिवशी पटलं.

स्पर्धेला ती गेली. गोल डोक्याचेच छर्रे घेऊन. कितवी आली ते विचारू नका, तिनंही कुणाला सांगितलेलं नाही. वहीत त्या डबीचं पान आहे, त्यावर तो कागद चिकटवलाय आणि खाली तिच्या अक्षरात: "गोल डोक्याचे. नऊ. दहावा मोजू नये."

आता मी लोखंडी कपाटात असते, कुलूपबंद. छर्रे दुसऱ्या कपाटात. रोज निजायच्या आधी सासूबाई विचारतात, "उघडी आहे ना गं?" आणि ती "हो" म्हणते, आणि तरी उठून बघून येते. पूर्वी मला तिच्या या सवयीचं हसू यायचं.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर एवढं करा. तुमच्या नेमावर, हातावर, स्वतःवर हवी तेवढी शंका घ्या, नाहीतर घेऊ नका. पण उठताना एकदा माझ्यावर घ्या. मी नाही रागावणार. नळी वाकवा, आत बघा, आणि मग मुलांकडे जा.