मी सरकलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना सागवानी टेकू आहे. तुम्ही म्हणाल, टेकूला कसली आलीय कहाणी? उभं राहायचं आणि ओझं सोसायचं, एवढंच ना! खरं आहे. पण माझ्यावर एक खोटा आळ आहे आणि तो मला जगू देत नाही.

मी खानापूरच्या रानात वाढलो. निपाणीला तंबाखूची वखार बांधायची निघाली, तेव्हा कंत्राटदार मारुतीरावांनी मला आणलं. यल्लाप्पा गवंड्याने मला नव्या कमानीखाली उभं केलं, पायाशी पाचर ठोकली आणि थाप मारून म्हणाला, "हलू नगंस बरं का, गड्या." मी कसला हलतोय!

चुना घट्ट होईपर्यंत टेकू काढायचा नाही, असं करारात लिहिलं होतं. नवा तंबाखू येण्याआधी वखार ताब्यात द्यायची, नाहीतर दंड, हेही होतं. त्या थंडीत चुना काही वाळेना. तंबाखूच्या गाड्या मात्र दारात आल्या.

"अण्णा, चुना अजून वला हाय. कमान बसंल," यल्लाप्पा मारुतीरावांपुढे काकुळतीला आला.

"बसू दे की! इमा उतरलाय कशाला? काढ टेकू."

"आनि खाली मी असनार, त्येचं काय?"

"लई भितोस बाबा तू!" मारुतीराव हसले.

यल्लाप्पाने पाचर काढली, मला बाजूला ठेवलं आणि कमान त्याच्यावर कोसळली. देवा रे! मी शेजारीच पडलो होतो, धडधाकट.

विमा कंपनीचा साहेब येण्याआधी मारुतीरावांनी मला ढिगाऱ्याखाली सारलं. "टेकू काढलाच न्हवता, साहेब. गवंड्यानं कच्चा बसवला, म्हणून सरकला." साहेबाने मान डोलावली. विम्यात दगड होते, चुना होता, मीही होतो. यल्लाप्पा नव्हता. वर चूक त्याचीच ठरली, म्हणून त्याच्या बायकोला, मनुबाईला, काहीच मिळालं नाही. मारुतीरावांनी मोठ्या मनाने मला तेवढं दिलं, चुलीत घालायला.

तिने मला जाळलं नाही. खोपटाच्या वाकलेल्या छपराखाली उभं केलं. रोज संध्याकाळी ती माझ्याशी पाठ टेकून बसते आणि विचारते, "खरं सांग रं, तू सरकलतास व्हय?"

मी रोज सांगतो. तिला ऐकू जात नाही.

मित्रांनो, तुम्हाला आलं ना ऐकू? मग निपाणीला जाऊन मनुबाईला एवढं सांगा, तिच्या धन्याचं काम पक्कं होतं. पण लवकर जा. मला वाळवी लागली आहे आणि तीही थकली आहे.