खांदे मळलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी आष्टीचा एक जुना लॅपटॉप आहे. अंगानं बारका, ताकदीनं त्याहून बारका. माझ्या जन्माच्या आठवणी नाहीत, कारण तेव्हा माझ्यात काही भरलेलंच नव्हतं. पुण्याच्या निखिलमामानं चार दिवस माझं कौतुक केलं. नवा लॅपटॉप येताच मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले. पुढे त्यानं मला आपल्या भाचीला, स्वराला, देऊन टाकलं.

स्वरा बारावीला. रोज सकाळी तिचा ऑनलाइन क्लास असे. बटण दाबलं की माझ्या पोटातली हार्ड डिस्क गिरणीसारखी घरघरायची आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. तेवढ्या वेळात तिचे आजोबा, रामराव ऊर्फ आबा, शेजारी मांडी घालून गोष्ट सांगत. परतूरच्या बाजारात विकलेला बैल त्यांच्याआधी घरी कसा आल्ता, ही गोष्ट मी चालू होईपर्यंत दोनदा सांगून व्हायची. फार सुखाचे दिवस होते ते.

क्लासच्या सरांचं मत वेगळं होतं. रोज उशीर करणाऱ्यांनी पुढच्या आठवड्यापासून येऊच नये, असं त्यांनी सांगितलं.

स्वराचे वडील, साहेबराव, जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. भंगार वितळवणं हा त्यांचा रोजचा धंदा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्यात दोन खिळे बी निघणार न्हाईत. पोरीला जालन्याला हॉस्टेलवर ठेवू."

दुसऱ्या दिवशी पोळा होता. म्हणून त्याच संध्याकाळी आबांनी रीतीप्रमाणे बैलांचे खांदे हळद-तुपानं मळले, मग माझ्याकडे आले आणि माझ्या बिजागऱ्या तितक्याच मायेनं मळल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं रीतसर म्हणालेही.

मी जेवायला गेलो नाही. मी चालूच झालो नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला बैलाच्या झुलीत गुंडाळून एसटीनं जालन्याला नेलं. दुरुस्तीवाल्या पप्पूनं मला उघडलं आणि बोट हुंगलं.

"आबा, याला तूप कोनं पाजलं?"

"पाजलं न्हाई. खांदे मळले."

"याला खांदे कुठायत?"

"उघडतं-मिटतं तिथं. लय थकून राह्यलं होतं."

पप्पूनं तूप पुसलं. "तुपानं वाचलं म्हणा, इथवर तरी आलं. थकली ती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी टाकू. ती फिरत न्हाई, घरघरत न्हाई. जुनं सगळं तिच्यात उतरवून देतो."

"मंग चालू व्हायला किती टाइम?"

"तुम्ही मांडी घालायच्या आत."

आबा झुलीची घडी घालू लागले. पोरगी घरी राहणार होती, पण गोष्टींची सकाळ जाणार होती.

"टाका," ते म्हणाले. "पोरगी घरात पाहिजे."

दुसऱ्या दिवशी स्वरानं बटण दाबलं. आबा "तर मंग..." एवढंच म्हणाले, आणि मी चालू झालोही. स्वरा क्लासमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. सर चकित. हॉस्टेलचं नाव कुणी काढलं नाही. आबा मात्र उठले आणि उगाच अंगणात जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वेगाची लाज वाटली. त्या घरघरीची आठवण आली.

क्लास संपला. स्वरा मला बंद करून उठू लागली, तसा मी पडद्यावर ठळक लिहिलं, 'अपडेट चालू आहे. बंद करू नका.' ते अपडेट केव्हाच झालं होतं.

"आबा, याला टाइम लागन," स्वरा परत खाली बसत म्हणाली. "या ना हिकडं."

आबा आले आणि त्यांनी सावकाश मांडी घातली. "तुह्या आजीनं मला पहिल्यांदा पाह्यलं ना माय, तव्हा मी झाडावर अडकलो व्हतो."

मी गोल फिरवत ठेवला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या लॅपटॉपला भंगारात काढण्याआधी एकदा उघडून बघा, बहुधा एकच भाग थकलेला असतो. आणि पडद्यावर 'थांबा' असं आलं, तर चिडू नका. आमची काही कारणं असतात.